गुलनार पार्लर आणि मुखेडची नवरी

नांदेडच्या श्रीनगरात, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर शहजादीचं 'गुलनार लेडीज ब्युटी पार्लर' होतं. जिना इतका अरुंद की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागायचं. दारावर 'पुरुषांना प्रवेश नाही' अशी पाटी, आत तीन खुर्च्या, तीन आरसे आणि सदा घरघरणारा एक कूलर. तो कूलर तिच्या नवऱ्यानं, दस्तगीरनं, भंगारातून उचलून दुरुस्त करून दिलेला. कूलर-फ्रिज दुरुस्तीचंच त्याचं काम.

एवढं उभं करायला शहजादीला तेरा वर्षं लागली. सुरुवात देगलूर नाक्यावरच्या घरात, पलंगाच्या कडेवर बायकांना बसवून भुवया करण्यापासून झाली होती. तिचा हात हलका. दोरा कधी फिरला आणि कधी थांबला ते समोरच्या बाईला कळायचं नाही. हळूहळू मोहल्ल्याबाहेरच्या बायका यायला लागल्या, मग नवऱ्या यायला लागल्या, आणि मग हा वरचा मजला.

शाळा तिची सातवीपर्यंत, तीही उर्दूतून. मराठी बोलायला झकास, वाचायला सावकाश, लिहायला अवघड. पण फोनचा उपयोग तिनं बरोबर ओळखला होता. नवरी तयार होऊन आरशात बघून हसली, की ती म्हणायची, "बेटा, जाता जाता गूगलवर दोन शब्द लिहून जा." अशा दोन-दोन शब्दांवर दोनशेच्या वर बायकांनी तिला पाच स्टार दिले होते. सगळे मिळून चार पॉइंट आठ. हा आकडा तिनं जिन्यापाशी फ्लेक्सवर छापून लावला होता. कंधार, लोहा, मुखेडच्या पोरी फोनवर तो बघून यायच्या. त्यातलं एका नवरीचं लिहिणं तिला तोंडपाठ होतं. 'माझी आई गेल्यानंतर महिन्यात माझं लग्न होतं. ताईंनी आधी मला पोटभर रडू दिलं, मग काजळ घातलं.'

तो एप्रिलचा महिना होता, लग्नसराई ऐन भरात. त्या दिवशी सकाळपासून अकरा बायका बाकावर बसून होत्या. त्यात मुखेडहून मंजुश्री आली. बरोबर तिची मावशी, कमलम्मा. लग्न चार दिवसांवर, मुलगा उदगीरचा. पोरगी नाकीडोळी नीटस, रंगानं सावळी, पण चेहरा मानेपेक्षा बराच उजळ. ही गोष्ट शहजादीच्या नजरेला आली होती. आली, आणि गर्दीत निसटली.

"चेहऱ्याला काय लावतीस का गं घरी? क्रीम, औषध?" शहजादीनं विचारलं.

मंजुश्रीनं मावशीकडं बघितलं. "न्हाई," ती म्हणाली.

पार्लरात शहजादीच्या हाताखाली सुमनबाई होती, पंचावन्न वर्षांची, बोलायला मोजकी. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, कानामागं लावून बघायचं न्हाई का आधी?"

ब्लीच नव्या माणसाच्या तोंडाला लावण्याआधी कानामागं बोटभर लावून बघायचं, आग-लाली काही दिसली तर तोंडाला लावायचं नाही, हा नियम शहजादीचाच. सुमनबाईला तिनंच शिकवलेला.

"येळ कुठं हाय मावशी? दोनच्या गाडीनं जायचंय त्यांना."

शहजादीनं ब्लीच सरळ मंजुश्रीच्या तोंडाला लावलं. पाचव्या मिनिटाला पोरीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. सहाव्या मिनिटाला ती ओरडली. शहजादीनं धावत जाऊन तिचं तोंड धुतलं, पाणी मारलं, गार फडकी ठेवली. गालांची कातडी पिकल्या टोमॅटोसारखी झाली होती. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कमलम्मा म्हणत होती, "थोडी आग होतेच म्हणे, उतरंल की," आणि शहजादी म्हणत होती, "आत्ताच्या आत्ता स्किनच्या डॉक्टरकडं न्या, मी येते संगं." पण मावशी-भाची दोनच्या गाडीनं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शहजादीनं सात वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही.

लग्न झालं. नवरीच्या तोंडावर खपल्या धरल्या होत्या, त्यावर मेकअप बसेना, म्हणून पदर पुढं ओढून फोटो काढले. हे शहजादीला पुढं आठ दिवसांनी कळलं, आणि कळलं तेही फोनवरूनच. मंजुश्रीचा भाऊ सोमेश, त्याचं मुखेडला झेरॉक्सचं दुकान. त्यानं बहिणीच्या चेहऱ्याचा फोटो टाकून लिहिलं होतं : 'माझ्या बहिणीचं तोंड जाळलं. लग्नाची वाट लावली. एक स्टारसुद्धा जास्त होतो. आपल्या आयाबहिणींना इथं पाठवू नका.'

शहजादीनं एकेक अक्षर जुळवत ते वाचलं. वाचताना तिच्या बोटातला दोरा गळून पडला.

तो फोटो दोन दिवसांत गावभर झाला. नांदेडच्या बातम्या टाकणाऱ्या एका इन्स्टाग्राम पेजनं त्याची रील केली, खाली भडक संगीत लावलं, पार्लरचं नाव आणि जिन्याचा फोटो दिला. मग गूगलवर एक-एक स्टारची रांग लागली. ज्यांनी तो जिना कधी पाहिला नाही, त्या पुण्याच्या, संभाजीनगरच्या, कुठकुठच्या लोकांनी लिहिलं. कुणी लिहिलं, लायसन्स काढून घ्या. कुणी लिहिलं, हिचंच तोंड जाळा. काहींनी तिचं नाव वाचून असं काही लिहिलं, की ते तिनं दस्तगीरलाही दाखवलं नाही. चार पॉइंट आठचे तीन झाले, तिनाचे दोन पॉइंट एक.

सुरुवातीला तिला वाटलं, ओळखीच्या बायका तरी येतील. पण मे महिन्याच्या वहीतल्या नवऱ्या एकामागून एक गळाल्या. कुणी सांगितलं तारीख पुढं गेली, कुणी सांगितलं मामेबहीण करणार आहे, बऱ्याचजणींनी काहीच सांगितलं नाही. श्रीनगरातल्याच एका बँकेतल्या बाई दहा वर्षं तिच्याकडं भुवया करत होत्या. एके दिवशी त्या जिन्यापाशी थांबल्या, वर बघितलं आणि पदर सावरत पुढं गेल्या. शहजादी खिडकीतच उभी होती. त्यांची नजरानजर झाली नाही, एवढंच काय ते बरं झालं.

रिकाम्या खुर्च्या पुसून पुसून सुमनबाईचे हात दुखले. शहजादी मात्र फोन सोडेना. दर पाच मिनिटांनी बघायची, नवीन आलं का. पोळी तव्यावर टाकून बघायची, नमाजाची चटई घडी करता करता बघायची. दस्तगीर वैतागला. "फेक वो फोन," तो म्हणाला. "लोक बोलतेत, बोलून थकतील."

"थकत न्हाईत," ती म्हणाली. "ते एकटे असते तर थकले असते. एक थकला की दुसरा येतो."

मग तिनं उलटून बोलायला सुरुवात केली. लिहिता येत नव्हतं, तर फोनच्या माईकवर बोलायची आणि फोन लिहायचा. 'तू कोण? तू माझ्याकडं आलीच नाहीस.' 'खोटं बोलता, खुदाला घाबरा.' 'पुण्यात बसून नांदेडचं तोंड दिसतं का?' फोननं त्यातले निम्मे शब्द चुकीचे उतरवले. लोकांनी त्याचेही फोटो काढून फिरवले. बघा, पार्लरवालीची भाषा बघा.

जूनच्या सुरुवातीला एक फोन आला. बोलणारा गोड, हिंदीत बोलणारा. रेटिंग वाढवून देतो, आठ दिवसांत चारच्या वर नेतो, गॅरंटी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं शहजादीनं त्याला हो म्हटलं. दस्तगीरला न विचारता म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून पाच-पाच स्टार पडायला लागले. ती पोरीसारखी हरखली. सुमनबाईला म्हणाली, "वाचा की मावशी, काय लिहिलंय."

सुमनबाईनं चष्मा लावला. वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. "ताई, ही तर समदी बाप्याची नावं हायेत. ह्यो म्हणतो, दाढी लई भारी केली. ह्यो म्हणतो, जेवण गरम होतं."

पुरुषांना प्रवेश नसलेल्या पार्लरात चौदा पुरुष दाढी करून गेले होते. दुपारपर्यंत तेही गावभर झालं. आठवड्याभरात गूगलनं ते सगळे खोटे स्टार काढून टाकले. कसं कोण जाणे, त्यांच्याबरोबर जुनेही कितीतरी खरे गेले. शहजादीनं वर-खाली करून शोधलं, पण 'पोटभर रडू दिलं, मग काजळ घातलं' हे लिहिणं तिला परत कधी सापडलं नाही. त्या दिवशी ती पार्लरच्या फरशीवर बसून रडली. सुमनबाईनं दार आतून लावून घेतलं. वर कुणी येत नव्हतं, तरी लावून घेतलं.

"चला मुखेडला," दुसऱ्या दिवशी शहजादी म्हणाली. "त्या पोराच्या पाया पडते. त्यानं पैला स्टार काढला तर बाकीचे आपोआप बसतील."

दोघी एसटीनं नरसीवरून मुखेडला गेल्या. शहजादी सगळ्या वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. बाजाराचा दिवस होता. सोमेशच्या दुकानात सातबाराच्या झेरॉक्ससाठी माणसं उभी होती. नाव सांगितल्यावर त्यानं मशीनचं झाकण आपटलं.

"तुम्ही आलात कशा इथं?"

"माफी मागायला आले, बेटा."

"माफीनं काय होतंय? माझी बहीण नांदायला गेली अन् पंधराव्या दिवशी माघारी आली. चेहरा बरा झाल्यावर पाठवा म्हणाले. पोरगी हाय का इस्त्रीला दिलेला शर्ट?" बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. "मी काढणार न्हाई ते. माझ्या हातात तेवढंच हाय."

माणसं बघत होती. शहजादीनं खरंच त्याच्या पायाकडं हात नेला, तो मागं सरकला. सुमनबाईनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं. पण शहजादीनं तिथनं गाडी धरली नाही. विचारत विचारत त्यांचं घर गाठलं.

मंजुश्रीच्या आईनं, शिवम्मानं, दार उघडलं. कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे सुजलेले. ती ओरडली नाही. नुसती उंबऱ्यात उभी राहिली. आतून आवाज आला, "अव्वा, येऊ दे त्यांना. मला बोलायचंय."

आतल्या खोलीत मंजुश्री कॉटवर बसली होती. खपल्या गेल्या होत्या, पण गालावर लाल जाळं उमटलं होतं, कातडी कागदासारखी पातळ, ओठाभोवती बारीक पुरळ. शहजादीनं जवळ जाऊन बघितलं. असे चेहरे तिनं याआधीही पाहिले होते. ब्लीचनं असं होत नाही.

"काय लावत होतीस?" तिनं विचारलं.

मंजुश्रीनं दाराकडं बघितलं. उशीच्या खोळीतून एक चपटी ट्यूब काढली. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते ती, रात्री लावायची, आठ दिवसांत गोरं करणारी. तिच्यात स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ पडते आणि मग ब्लीच सोसत नाही, हे शहजादीला ठाऊक होतं. किती पोरींच्या पर्समधून तिनं ती काढून फेकून दिली होती.

"साखरपुड्याला त्यांची आत्या म्हणाली, पोरगी समदी चांगली हाय, रंगच तेवढा... तवापासून लावली, पार कानामागंपर्यंत. सात महिने. घरी कुणाला ठावं न्हाई. डॉक्टरला एकट्याला सांगितलंय."

"मी विचारलं होतं ना गं तुला."

"अक्का, तुम्ही मावशीपुढं विचारलं. अकरा बायकांपुढं." मंजुश्री म्हणाली. "तिकडं ते म्हणतेत, पार्लरवालीनं जाळलं, पोरीचा काय गुन्हा. बरी झाली की नेतील. हे कळलं तर म्हणतील, रंग लपवून फसवलं. मग न्हाई नेत. सांगू नका. तुमच्या पाया पडते."

शहजादी पाया पडायला आली होती आणि तिच्याच पाया कुणी पडत होतं. ती उठून बाहेर आली. बाहेर शिवम्मानं विचारलं, "काय म्हणाली?" त्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं न्हाई वाटत तिला. जपा."

बसमध्ये तिनं सुमनबाईला सगळं सांगितलं. सुमनबाई ताडकन म्हणाली, "मग लिवा की! तुमचं घर बुडाया लागलंय. त्या पोरीनं खोटं सांगितलं, तुम्ही का भोगायचं?"

शहजादीलाही तसंच वाटत होतं. मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पार्लरात बसून ती माईकवर सगळं बोलली. सात महिने, ट्यूब, तिचं नाव, खोटं उत्तर, सगळं. सुमनबाईनं अक्षर न् अक्षर नीट करून दिलं. सोमेशच्या लिहिण्याखाली उत्तराची जागा होती, तिथं ते चिकटवलं. आता एक बटण दाबायचं होतं.

शहजादीनं ते दाबलं नाही आणि पुसलंही नाही. दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरमालक वर आले. चांगला माणूस, पण चाचरत बोलला. खालच्या दुकानाला त्रास होतोय, पोरं येऊन जिन्याचे व्हिडिओ काढतात, दसऱ्यापर्यंत बघा दुसरीकडं. ते गेले तसा शहजादीनं फोन हातात घेतला. तिचा अंगठा बटणावर आला.

"दाबा," सुमनबाई म्हणाली.

"मावशी, हे वाचून लोक काय करतील?"

"तुम्हाला सोडतील."

"अन् तिला धरतील. हेच लोक. हाच फोटो, खाली दुसरं संगीत लावतील." तिनं मान हलवली. "तिनं खोटं सांगितलं, ठीक हाय. पण मी कानामागं लावलं असतं तर तिच्या तोंडानं न सांगता कळलं असतं. तुम्ही सांगितलं होतं मला. मी म्हणलं, येळ न्हाई."



शहजादीनं लिहिलेलं सगळं पुसलं. मग माईकवर हळूहळू बोलली : 'चूक माझी आहे. ब्लीच लावण्याआधी कानामागं लावून बघायचं असतं. त्या दिवशी मी गडबडीत बघितलं नाही. मुलीचा काही दोष नाही. आधी मी रागानं उत्तरं दिली आणि खोटे स्टारही घेतले, तेही माझंच चुकलं. शहजादी.' आणि बटण दाबलं.

कुणाला वाटेल, इतकं सरळ कबूल केल्यावर लोकांची मनं विरघळली असतील. तसं झालं नाही. त्याच पेजनं नवी रील केली, 'पार्लरवालीची अखेर कबुली'. दोघा-तिघांनी लिहिलं की एवढं तरी कोण बोलतं. बाकीच्यांनी लिहिलं, बघा, आम्ही म्हणत होतो ना. आकडा दोनच्याही खाली गेला. दस्तगीरनं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ एका फ्रिजच्या मोटारीशी खटपट करत बसला. शेवटी म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी दुसरंच सांगितलं असतं." थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणून विचारलं न्हाईस, न?"

दसऱ्याआधी पार्लर उठलं. दोन खुर्च्या विकल्या, एक घरी आणली. फ्लेक्स उतरवताना फाटला. सुमनबाई दुसऱ्या एका पार्लरात लागली, पण जाताना शहजादीच्या गळ्यात पडून रडली. देगलूर नाक्यावरच्या त्याच घरात, आता पलंगाऐवजी खुर्चीवर बायकांना बसवून, शहजादी परत भुवया करायला लागली. मोहल्ल्यातल्या बायका यायच्या. नवरी एकही नाही. आकडा बघायचं तिनं सोडून दिलं, म्हणजे दिवसातून एकदाच बघायची. सोमेशचा स्टार होता तिथंच होता.

मंजुश्रीला सासरच्यांनी श्रावणात नेलं होतं. हे शहजादीला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून दबका आवाज, "अक्का, मी मंजुश्री. उदगीरवरून."

शहजादीला आधी राग आला. फोन ठेवावासा वाटला.

"अक्का, ती क्रीम सुटंना. सोडली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावते. डॉक्टर म्हणले होते हळूहळू सोडायची, पण मी परत त्यांच्याकडं गेलेच न्हाई. ह्यांना काय म्हणून सांगू? मला एकटीला भ्या वाटतंय."

शहजादी दाराबाहेर पायरीवर टेकली. आत बसलेली बाई एक भुवई झालेली, दुसरी राहिलेली, तिची वाट बघत होती.

"सोमवारी लातूरला येशील?" ती म्हणाली. "माहेरला चालले म्हणून नीघ. मी स्टँडवर थांबते."

लातूरला स्किनच्या दवाखान्यात गर्दी होती. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मंजुश्रीनं ओढणी नाकापर्यंत ओढली होती. खूप वेळानं ती म्हणाली, "अक्का, दादाला सांगू का खरं? तो काढून टाकंल ते. बाहेर बोलणार न्हाई तो."

शहजादीला हो म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या ओठापर्यंत आला होता. श्रीनगरचा तो जिना, तिन्ही आरसे, घरघरणारा कूलर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पोरीच्या हातात पहिल्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी होती.

"तुला वाटंल तवा सांग," शहजादी म्हणाली. "आज न्हाई. आज डॉक्टरला समदं सांगायचं, काय लपवायचं न्हाई."

आतून मंजुश्रीचं नाव पुकारलं. ती जागची हलेना. शहजादीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी आत गेल्या.